काळ्या पावडरची उडी

चाकणच्या आमच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक भाग ठेवायचे काळे ट्रे बनतात. ट्रेवर वीज साचली तर भाग खराब होतात, म्हणून प्लास्टिकमध्ये कार्बनची पावडर मिसळायची आणि वीज वाहून जाते का, ते मीटरने पाहायचं. ही तपासणी माझ्याकडे आहे.

मिक्सरवर तेव्हा लातूरकडचे एक कंत्राटी ऑपरेटर होते. नवी पावडर किती लागेल हे ठरवायला मी त्यांना थोडी थोडी वाढवत चाचण्या घ्यायला सांगितल्या. नोंदी आल्या त्या अशा: काही नाही, काही नाही, काही नाही, एकदम पास. मला पटेना. पावडर थोडी वाढली तर वीजही थोडीच वाढायला हवी.

"चाचण्या घेतल्यात, की नुसतेच रकाने भरलेत?" मी विचारलं. त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. त्याच आठवड्यात त्यांच्या कंत्राटाच्या नूतनीकरणावर माझा शेरा जायचा होता. तो मी अडवून ठेवला.

आधी मीटर बदललं. मग वजनकाटा तपासून घेतला, मिक्सर पुसून घेतला आणि स्वतः शेजारी उभी राहिले. तीच उडी.

"आता दुसऱ्या कंपनीची पावडर घ्या."

"घेतो की. पण मॅडम, पावडर काय माझी सोयरी लागती, माझ्यासाठी खोटं बोलायला?"

दुसरी पावडर जास्त लागली, पण उडी तिनेही मारली. दोन्ही पावडरींच्या नोंदींचे आलेख काढून मी खिडकीच्या काचेवर धरले आणि उड्या जुळेपर्यंत एक सरकवला. पुढची रेघ रेघेवर बसली. माझा संशय उलट वाढला. दोन गावचे साक्षीदार शब्दशः एकच साक्ष देतात, तेव्हा त्यांना कुणीतरी पढवलेलं असतं.

शेवटी ट्रेचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कमी पावडरच्या कापात काळे पुंजके सुटे सुटे, मधे फटी. विजेला या टोकापासून त्या टोकाला जायला वाटच नाही. चिमूटभर जास्त पावडरच्या कापात पुंजके पुंजक्यांना भिडून आरपार वाट झालेली. पढवणारं कुणी नव्हतं. पावडर कुठलीही असो, पुंजके जोडले जाण्याची रीत तीच.

मी शेरा लिहिला, 'नोंदी खऱ्या. नूतनीकरण करावे,' आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, सही राहिली."

केली.

"तारीख पण टाका. उद्या कुणी म्हणायला नको, नुसतेच रकाने भरलेत."