लूमच्या भिंतीशेजारचं घर

भिवंडीत राहते असं सांगितलं की ठाण्यातल्या माझ्या मावश्या आणि चुलत बहिणी विचारतात, "अगं, पण का?" मी वाद घालत नाही. त्या जे म्हणतात ते सगळं खरं आहे, उलट त्यांना निम्मंच ठाऊक आहे. काल्हेरच्या गोदामांकडे वळणारे ट्रक एकदा अडकले की ठाण्याहून घरी येईपर्यंत पिशवीतली कोथिंबीर मान टाकते. रस्ता आहे की खड्ड्यांची रांग, हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने पडतो. दोन हजारच्या दशकात लोडशेडिंग असं होतं की पंखा फिरायला लागला तरी आम्ही त्याच्याकडे संशयाने बघायचो. आणि निजामपुऱ्यातल्या आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा, कारखाना. त्याचे तंतू केसांत, पापण्यांवर, कधीकधी वरणावरसुद्धा.

तरीही या गावात राहायला येणं हा मी घेतलेला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय आहे. त्यासाठी आधी माझ्या कानांबद्दल सांगायला हवं.

लहानपणी आलेल्या एका तापाने माझे दोन्ही कान अधू झाले. पूर्ण गेले नाहीत, पण हळू बोललेलं कळेना. कानात घालायचं यंत्र शिट्ट्या मारायचं, म्हणून मी ते कपाटात ठेवून दिलं. ठाण्यात आमची वसाहत शांत होती, झाडंबिडं होती, आणि माणसं सभ्य. सभ्य माणसं हळू बोलतात. मी "काय?" म्हटलं की उत्तर यायचं, "काही नाही गं." या तीन शब्दांचा मला इतका राग होता की अजूनही कोणी ते म्हटलं तर माझ्या कपाळावर आठी येते. मी कुठल्या कॉलेजात जायचं, लग्नाला कुठली साडी नेसायची, सगळं आतल्या खोलीत ठरायचं आणि मला निकाल कळवला जायचा. आईबाबांचा जीव होता माझ्यावर, त्यात शंका नाही. पण मला कोणी काही विचारत नसे. बघायला आलेले पाहुणेसुद्धा माझ्या चहात साखर किती, हे माझ्यासमोर आईला विचारायचे.

भिवंडीचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी नाक मुरडलं होतं. मुलगा काल्हेरला एका गोदामात सुपरवायझर, वडिलांची सगळी हयात लूमवर गेलेली, मूळ घर दिघाशीला, थोडी भातशेती. माझ्या कानांचं त्यांना सांगितलं होतं, तरी ते हो म्हणाले होते, म्हणून बाबांनी घर बघून यायचं ठरवलं. मुलीने घर बघायला जायची आमच्यात रीत नव्हती. मी हट्ट करून गेले.

आम्हाला शुक्रवारी बोलावलं होतं. शुक्रवार म्हणजे भिवंडीचा रविवार, त्या दिवशी लूम बंद. ज्यांच्या घरी लग्नाचं काम आहे ते पाहुण्यांना शुक्रवारीच बोलावतात, हे मला नंतर कळलं. सोयरीक जमेपर्यंत कारखान्याचा आवाज पाहुण्यांच्या कानी पडू द्यायचा नाही, असा सगळ्या गल्लीचा अलिखित नियम.

पण त्या आठवड्यात विजेने घोळ घातला होता. कारखान्याचे दोन दिवस बुडाले होते, आणि शेजारच्या शेठने भरपाई म्हणून सुट्टीच्या दिवशीच लूम चालू केले. आम्ही चहा घेत होतो. एकाएकी भिंत थरथरली, बशा टेबलावर नाचायला लागल्या आणि खटखटाट सुरू झाला. होणाऱ्या सासऱ्यांचा चेहरा पडला. बाबांनी कानावर हात ठेवला. आईने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता उठायचंच, अशी ती नजर होती.

मला तो आवाज लांबून गाडी गेल्यासारखा येत होता, जास्त नाही. मी बघत होते ती माणसं. लूम सुरू होताच घरातले सगळे एकमेकांकडे तोंड करून बसले. ओठ नीट उघडायला लागले. बोलताना हात हलायला लागले. पाणी म्हणताना अंगठा ओठाशी, दार म्हणताना मान दाराकडे. कोणी पाठ फिरवून बोलेना, कोणी अर्ध्यात वाक्य गिळेना. लूमच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसांची ती बोलण्याची साधी सवय होती, माझ्यासाठी कोणी काही वेगळं करत नव्हतं. आणि मला प्रत्येक शब्द कळत होता.

बाबा मात्र सारखे विचारत होते, "काय? काय म्हणालात?" आईसुद्धा. मी इतकी वर्षं ज्या खुर्चीत बसले होते त्या खुर्चीत त्या दिवशी ते दोघं बसले होते. मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगते, मला हसू आवरेना.

सासूबाई माझ्यासमोर पाट ओढून बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भात कसा खातेस गो, मोकला का आसट?"

"मोकळा," मी म्हटलं. माझा आवाज मोठा आहे म्हणून मी बाहेर नेहमी दबून बोलायचे.

"मोठ्यान बोल. आमच्यात हलू कुनी बोलत न्हाय."

इतक्या स्थळांत पहिल्यांदा कोणीतरी आईला सोडून मला विचारलं होतं.

परतीच्या वाटेवर बाबांनी भिवंडीचे सगळे दोष मोजून दाखवले. मला नीट कळावं म्हणून आई ते बोटांवर परत सांगत होती. मी सगळ्याला मान डोलावली आणि शेवटी म्हटलं, "मला हेच घर हवं." बाबांनी खूप समजावलं. मी ऐकू न आल्याचं सोंग केलं, तो एक फायदा आम्हा लोकांना असतो. शेवटी त्यांनी अट घातली, की वर्षभरात दोघांनी ठाण्याला राहायला यायचं. मुलाने ती मान्य केली आणि लग्न झालं.

ते वर्ष काही लाडाकोडाचं गेलं नाही. पाणी पहाटे यायचं, भांडी भरता भरता कंबर धरायची. दवाखान्याचं काम निघालं की ठाणं गाठावं लागे. पण शेजारच्या चाचींनी मला हिंदी शिकवली, अर्धी ओठांनी आणि अर्धी हातांनी. भाजीवाला माझ्याशी भाव करायचा, म्हणजे मला फसवायचा प्रयत्न इतरांइतक्याच मनापासून करायचा. दिघाशीहून तांदूळ आणि वाल यायचे, कपडा तर दारातच विणला जात होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई आणि मी कडाक्याचं भांडलो. सुकटीत चिंच घालायची की कोकम, एवढ्यावरून. त्या ओरडल्या, मी ओरडले, दोघींचे हात हवेत. माहेरी माझ्याशी कधी कोणी भांडलं नव्हतं, तिला कुठे ऐकू येतं म्हणून सोडून द्यायचे. त्या दुपारी मी मोरीत जाऊन रडले. आनंदाने रडले, हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी माझ्या डोक्यात काही बिघाड आहे असं ठरवलं. त्या दिवसापासून सुकटीत माझी चिंचच पडते.

वर्ष सरलं आणि बाबा आले, कामाच्या दिवशी, लूम धडधडत असताना. त्यांनी आपल्याच वसाहतीत भाड्याने जागा बघितली होती. मागच्या बाजूला बाग, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसले आणि सवयीने हळू आवाजात त्याला सगळं सांगायला लागले. मी दारात तांदूळ निवडत होते. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, पण त्यांचा हात थांबला होता. बाबांची पाठ बघून मला समजलं की पुन्हा एकदा माझं ठरतंय आणि मला निकाल मिळणार आहे. नवऱ्याने तर शब्द दिलेला होता.

नवऱ्याने त्यांना मध्येच थांबवलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, मी शब्द दिलाय, तुम्ही म्हणाल तर सामान बांधतो. पण राहायचंय तिला. तिला विचारा ना."

बाबा गोंधळले. तिला विचारायचं म्हणजे कसं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते उठले, माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, घसा खाकरला आणि जन्मात कधी बोलले नसतील एवढ्या मोठ्याने विचारलं, "तुला कुठे राहायचंय?"

शब्दन् शब्द ऐकू आला. मी उत्तर दिलं, पण लूमच्या आवाजात ते बाबांना कळलं नाही. "काय?" ते म्हणाले.

एका क्षणासाठी 'काही नाही' हे शब्द माझ्याही जिभेवर आले होते. मी सूप बाजूला ठेवलं, बाबांचे दोन्ही हात हातात घेतले, ओठ नीट उघडले आणि त्यांना कळेपर्यंत सांगत राहिले, "इथंच. मी इथंच राहणार आहे."