पहिली ते चौथी, एकच गाणं

शाहीनचा फोन सकाळी आला. "मावशी, अब्बा गेले," एवढंच ती बोलली... कणकेचे हात तसेच घेऊन मी खाली बसले. शाहीनचे अब्बा म्हणजे माझे हमीद गुरुजी. त्यांनी नव्वदी ओलांडली होती, त्यामुळे अचानक गेले असं म्हणता यायचं नाही. तरी पंचाहत्तरी उलटलेली मी तिसरीतल्या पोरीसारखी रडले.

गुरुजी मला भेटले ते तिसरीतच, गंगापूरच्या प्राथमिक शाळेत. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि उर्दूत शिकलेल्या गुरुजींची नोकरी टांगणीला लागली होती. मोठे साहेब तपासणीला येणार, यांना मराठीतून शिकवता येतं का ते पाहणार आणि कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. पंचविशीतले गुरुजी तोवर आमच्याकडूनच मराठी शिकत होते. गाणी स्वतः रचायचे आणि आधी आम्हाला म्हणून दाखवायचे. "नदीला पाणी आला," असं त्यांनी म्हटलं की पहिलीतली पोरं ओरडायची, "आला नाय गुरुजी, आलं!" गुरुजी स्वतःचा कान पकडायचे, फळ्यावरची ओळ पुसायचे आणि नीट लिहायचे. आपल्याला येत नाही हे लेकरांसमोर कबूल करणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पेटी एक, गाणं शिकवणारे गुरुजी एक आणि वर्ग चार. शेवटच्या तासाला आम्ही सगळे पडवीत एकत्र बसायचो. पहिलीला फक्त टाळी, दुसरीला ध्रुवपद, तिसरी-चौथीला कडवी. "पहिलीचं काम सगळ्यात अवघड," गुरुजी म्हणायचे, "टाळी चुकली तर चौथीचा बडा गवैयाबी आपटतो." मग चौथीतली दांडगी पोरंसुद्धा त्या चिमुरड्यांना वचकून असायची.

माझा आवाज घोगरा, फाटका. घरी गुणगुणले तरी भाऊ कानांवर हात ठेवायचे. साहेबांपुढं गाणं म्हणायचं ठरलं तेव्हा हेडमास्तरांनी गुरुजींना बाजूला घेतलं, पण आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "बेसुरी पोरं मागं बसवा. नुसते ओठ हलवू द्या. तुमच्याच पोटाचा प्रश्न आहे."

गुरुजी म्हणाले, "सर, ज्याला येतंय त्यालाच शिकवायचं, तर मी कशाला पायजे?"

मग त्यांनी मला पुढं बोलावलं. पेटीची एक खालची पट्टी दाबून धरली. "सुशीला, हा सूर तुझा. बाकीचे वर-खाली फिरून येतील. तू इथंच थांब." आठवडाभर मी तो एकच सूर घोळवत होते, विहिरीवर, शेताच्या वाटेवर, भाकरी खातानासुद्धा.

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीत बसले. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच कडव्याला पहिलीची टाळी घसरली. चौथीवाले रेटून पुढं गेले. गुरुजींनी पेटीवरचे हात उचलले. गाणं बंद! हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

"का थांबवलंत?" साहेबांनी विचारलं.

"पहिलीवाले मागं राहिले, साहेब. त्यांना घेऊन येतो."

आणि पुन्हा पहिल्यापासून. या वेळी कुणी पुढं पळालं नाही. सगळ्यांच्या आवाजांखाली माझा घोगरा सूर सतरंजीसारखा अंथरलेला मला स्वतःला ऐकू येत होता. साहेब वहीत काहीतरी लिहून निघून गेले. महिनाभर गुरुजी रोज टपालाची वाट बघायचे. मग हुकूम आला... कायम! सोबत बिडकीनला बदलीही. मोटारीच्या टपावर पेटी बांधताना आम्ही मुसमुसत होतो, तर ते म्हणाले, "रडता कशाला? तिथंबी पहिली हाय."

गुरुजींच्या बदल्या होत गेल्या: बिडकीन, फर्दापूर, शेवटी औरंगाबाद. पुढं मीही प्राथमिक शिक्षिका झाले. पेटी मला कधी आली नाही, पण माझ्या वर्गातल्या एकाही पोराला मी गप्प बस म्हटलं नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला गुरुजी काठी टेकत आले आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ताठ मानेनं सांगत राहिले, "माझी विद्यार्थिनी हाय. सुरात पक्की." तेवढं प्रशस्तिपत्र मला आयुष्याला पुरलं.

मागच्या रविवारी शाहीनकडं गेले. गुरुजींच्या खोलीतली खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. दर रविवारी दहा वाजता गल्लीतली लहानमोठी पोरं त्यांच्याकडं गायला यायची. त्या दिवशीही आली. शाहीन दारात गेली. "बेटा, अब्बा नाहीत आता. सांगितलं होतं ना?"

"माहितेय, खाला," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. "पण आज रविवार हाय."

शाहीन बाजूला झाली. पोरं आत आली, चटया ओढून बसली आणि कुणाची वाट न बघता गाऊ लागली. मी उंबऱ्याशीच उभी होते. मला पाहून त्या मुलीनं गाणं न थांबवता थोडं सरकून आपल्या शेजारी जागा केली.