चक्रीचा नवा बुश

तिला सगळे भुकटीताई म्हणत, आणि त्यात खोटं काय होतं? कारखान्यातून घरी आली की तिच्या केसांतून तांब्याची भुकटी झडायची! त्याच भुकटीचे ती बुश करायची. बुश म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं कडं. भुकटी साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची आणि तेलात मुरवायची. तेल बुशाच्या बारीक छिद्रांत बसतं. दांडा फिरला की पाझरतं, थांबला की परत आत. वरून ओतायला नकोच.

आणि हिच्याच बाबांच्या चक्रीवर तेलाची धार! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बागेतली ती लाकडी घोड्यांची चक्री बाबा हाताने ढकलायचे. वरचा बुश किंचाळला की बाबा तेल ओतायचे, ते टपटप पोरांच्या अंगावर, आणि पोरांच्या आया भांडायला थेट ताईच्या आईकडे. शेवटी आईने बजावलं, "आता एक थेंब जरी पडला ना, तर भंगारात देऊन मोकळी होईन!"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. चक्रीवाचून तो माणूस दिवसभर करणार काय, कप्पाळ?

ताईने कंबर कसली. तांब्यात शिसं घातलं असतं तर काम चुटकीसरशी झालं असतं, इतकं ते मऊ. पण ते विषारी, झिजून खाली घोड्यांवर झडणार, आणि पोरं तर घोड्यांचे कान चाटतात! शिसं बाद. कथील दहात एक भाग पुरतं, पण बाईंना वाटलं, जास्त घालू, टिकाऊ होईल. अति तिथे माती! बुश असा कडक झाला की दांड्यावर ओरखडे काढून स्वतःही तडकला.

"अगं बाई, झिजायचं तर बुशाने झिजावं, दांड्याला कशाला खायचं?" ताई स्वतःवरच खेकसली.

मग कथील बेताने घातलं, शिशाऐवजी त्याचा सज्जन भाऊ बिस्मथ घातला, आणि घसरण वाढवायला चिमूटभर ग्रॅफाइट. तेही जपून, नाहीतर बुशाचा बिस्किटासारखा भुगा व्हायचा.

बुश बसला त्या दिवशी आई पांढरेशुभ्र कपडे घालून हजर. "मीच बसते. बघतेच कसं तेल पडत नाही ते!" जन्मात पहिल्यांदा ती घोड्यावर बसली.

बाबांनी सवयीने सगळा जोर लावला. जुन्या बुशाला तो लागायचा हो! नव्या बुशावर चक्री सुटली ती सुटलीच. ना आवाज, ना थेंब, ना थांबायचं नाव. ब्रेक कुणी बसवलाच नव्हता. इतकी वर्षं तो जुना बुशच अडून अडून तिला थांबवत होता.

"अहो, धरा! अगं कार्टे, घातलंस तरी काय यात?" आई ओरडत होती. बाबा एका शेपटीला लोंबकळत मागे धावत होते. ताई हसून हसून खाली बसली.

चक्री आपल्या मर्जीने थांबली. आईचे केस सुटलेले, गाल लाल. ताई खांद्यावरचे डाग शोधायला धावली. एकही नव्हता! पण आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बाबांकडे बघत होती.

"इतकी वर्षं मला एकदाही बसवलं नाहीत तुम्ही?"

 बाबा धापा टाकत नुसते हसत होते.

"हसताय काय? ढकला!"