टोपीवर तीन, आत सात

माझे दाजी कानाची यंत्रं विकतात. दुकान ऐन रस्त्यावर, समोर मोठी काच. आत कोण बसलंय ते पलीकडच्या फुटपाथवरून दिसतं. म्हणूनच गिऱ्हाईक सरळ आत येत नाही. आधी शेजारच्या दुकानासमोर उभं राहून न घ्यायच्या चपला न्याहाळतं, इकडेतिकडे बघतं आणि मग सुळकन आत शिरतं. आल्यावर पहिला प्रश्न एकच. "दिसणार तर नाही ना?"

यावर दाजींचं एक भाषण आहे. माझ्या ताईला ते पाठ आहे, मला निम्मं. "दिसलं तर दिसू दे! तुम्हाला ऐकू यायला हवंय की मिरवायचंय?" एक बाई नेहमी विचारायच्या, मागच्या बाजूनं एखादं दार का करत नाही? दाजी म्हणायचे, "का, चोरी केलीय का तुम्ही?" मागच्या भिंतीवर त्यांनी ठळक अक्षरांत पाटीच लावली होती : लाजू नका, ऐका.

असे हे निर्भीड गृहस्थ गोल्फ खेळायला लागले आणि त्यांचं पाणी आम्हाला कळलं.

क्लबात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'कानवाले' म्हणत. दोन वर्षं ते तात्पुरते सभासद होते. कायमचं व्हायचं तर सेक्रेटरींसमोर खेळून दाखवायचं आणि गवतावरचा चेंडू एका फटक्यात वाटेतल्या तळ्यापलीकडे न्यायचा. पहिल्या परीक्षेत चेंडू बुडाला होता. दुसऱ्यांदाही बुडाला तर अर्ज कायमचा बाद. "एकदा बोर्डावर माझं नाव लागू दे," दाजी म्हणत, "मग बघू कोण कानवाले म्हणतं." हे म्हणताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

अशा लांब फटक्याला फेअरवे वूड नावाची काठी लागते. नाव लाकडाचं, डोकं धातूचं. तीन नंबरच्या काठीचा दांडा लांब, तोंड जवळजवळ उभं. नीट बसली तर चेंडू खूप लांब जातो, पण नीट बसवायला हातात कसब हवं. सात नंबरची आखूड, तोंड मागे कललेलं. चेंडू सहज उचलते. दाजींकडे तीन नंबरच्याच तीन काठ्या होत्या आणि तिघींनी मिळून तळं चेंडूंनी भरत आणलं होतं. एकीचा तोल वाईट, दुसरीची मूठ जाड, तिसरीचा म्हणे रंग डोळ्यांत खुपतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

"आणा आणखी एक," ताई म्हणाली. "पडदे टांगायला होईल."

चौथी आणायला मी बरोबर गेलो. "मारायला सोपी आणि लांब जाणारी हवी," दाजींनी फर्मावलं. विक्रेत्या बाईंनी त्यांना जाळीत चार-दोन चेंडू मारायला लावले आणि नंबर न सांगता सातची पुढे केली. ती दाजींनी फिरवली मात्र, चेंडू झकास उडाला. दाजी खूश झाले. मग त्यांनी काठी उलटी करून तळाचा नंबर पाहिला.

"ही म्हाताऱ्यांची काठी! लोक बघतील ना!"

"बघू देत की," बाई म्हणाल्या. "तुम्हाला चेंडू पलीकडे न्यायचाय की मिरवायचंय?"

आपलंच भाषण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून दाजी लालबुंद झाले आणि तडक बाहेर पडले. शेजारी भांड्यांचं दुकान होतं. तिथे उभं राहून त्यांनी बराच वेळ पातेली न्याहाळली. इकडेतिकडे बघितलं. मग सुळकन परत आत! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"घेतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण टोपी तीनची द्या." काठीच्या डोक्यावर घालायच्या टोपीवर नंबर विणलेला असतो, बाहेरून तेवढाच दिसतो. बाईंनी शांतपणे खण ओढला. "तीनच्या टोप्या आम्ही जास्तच मागवतो," त्या म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी दाजींची पिशवी मी वाहिली. सेक्रेटरी ताठ कण्याचे म्हातारे गृहस्थ. दोन्ही कान गेलेले, पण कबूल करतील तर शपथ. "हल्ली लोक पुटपुटतात फार," हे त्यांचं पालुपद. तळ्यापाशी आधी त्यांनीच फटका मारला. आमच्याकडे पाठ करून काठीची टोपी काढली, तशीच घाईनं परत घातली. मग दाजी. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चेंडू तळ्यापलीकडे हिरवळीवर होता आणि जमलेले सभासद टाळ्या वाजवत होते.

"बघू काठी," सेक्रेटरींनी हात पुढे केला.

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. सेक्रेटरींनी काठी उलटी केली. त्यांचा अंगठा सातच्या आकड्यावर येऊन थांबला. टोपीची लबाडी उघडी पडली होती, दोन वर्षांची धडपड त्या अंगठ्याखाली होती आणि मला दाजींकडे बघवेना. मी मान वळवली, तर सेक्रेटरींची पिशवी समोरच होती. काठीवरची तीनची टोपी घाईत तिरकी बसली होती. तिच्याखालून सात डोकावत होता.

सेक्रेटरींनी दाजींची तीनची टोपी आपल्या हातानं दाजींच्या काठीवर चढवली, नीट खाली ओढली. "तीन नंबर सुरेख खेळता हो," ते म्हणाले आणि अर्जावर सही ठोकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर दोन मुठी होत्या.

मग ते दाजींच्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजले. बहिऱ्या माणसाची कुजबूज ती. तळ्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेली.

"कानवाले, तुमच्या दुकानाला मागचं दार आहे का?"

सगळे सभासद एकाएकी गवत बघायला लागले.

"आहे," दाजी पुटपुटले.

"काय?"

"आहे!" दाजी जिवाच्या आकांतानं ओरडले. "आहे, आहे!"

मागे तर नुसती भिंत होती. सोमवारी गवंडी आला. भिंत ठोकून बघत त्यानं जागा ठरवली आणि म्हणाला, "आधी ती पाटी काढा."