पीकविम्याचे साहेब

"आधी पाणी घ्या, मग शिव्या द्या." पीकविमा कंपनीचे आमच्या पालम तालुक्यातले साहेब चिडून आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला हेच म्हणायचे आणि स्वतः उठून तांब्या पुढे करायचे. त्यांच्या ऑफिसखाली माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे शिव्या मला खाली बसून ऐकू येत. पाणी पिऊन माणूस निम्मा गार व्हायचा. उरलेलं साहेब मुकाट ऐकून घेत. तुम्ही असा साहेब कुठं पाहिला असेल तर सांगा; मी दुसरा पाहिला नाही.

अतिवृष्टीत माझ्या मावशीचं सोयाबीन बुडालं, तेव्हा पाहणीला मी त्यांच्यासोबत गेलो. आम्ही बांधावर उभे होतो आणि कंपनीची फोनवर मीटिंग सुरू झाली. आवाज मोठा होता. पलीकडची बाई हिंदीत म्हणाली, जिल्ह्याजिल्ह्यांतली सगळी माणसं कमी केली आहेत, आजपासून काम थांबवा. कुणी काही विचारायच्या आत फोन बंद.

"काय झालं ओ सायेब?" मावशीनं विचारलं.

"काय न्हाई मावशी. रेंज गेली."

मग ते गुडघाभर चिखलात उतरले. सगळं रान फिरले, फोटो काढले. कंपनीचं ॲप बंद झालेलं, फोटो कुठंच जात नव्हते. तरी काढत राहिले. मावशी मागून हात जोडून चाललेली.

परतताना त्यांनी मधेच गाडी थांबवली. खाली उतरून किल्ली माझ्या हातात दिली. "तुमी चालवा," म्हणाले. "अन् मावशीला तुमीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी सांगितलं. मावशी म्हणाली, "असं कसं? फोटू तर काढले की."

नोकरी गेल्याचं कुणालाच पटेना. लोक साहेबांच्या घरी जाऊन भांडायला लागले. "असं सांगायला कंपनीनंच शिकवलंय तुला," म्हणायचे. साहेबांना परभणी, नांदेड, कुठंच काम मिळेना. शेवटी बायको-मुलीला घेऊन ते पुण्याला निघाले, कुठल्याशा गोदामावर राखणीला.

मी स्टँडवर गेलो होतो. ते एसटीत खिडकीशी बसलेले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांना ओळखलं आणि खिडकीचा गज धरला. "सायेब, आमचं कधी व्हायचं? चकरा मारून पाय गेले."

मुलीनं बापाकडं पाहिलं. साहेबांनी खरं सांगितलं नाही. "बघतो, बाबा," म्हणाले.

गाडी हलली. म्हातारा गज न सोडता बरोबर चालायला लागला, आणि आत साहेब नुसती मान हलवत होते, "बघतो, बघतो."