खाली अक्षरं येतात

अमळनेर स्टेशनवर आई मला पोचवायला आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सुरतला धाडायचं तिनंच ठरवलं होतं. पॅसेंजर हलली तरी तिचं चालूच, "उधनाले उतरजो, झोपू नको." डब्यातली माणसं बघतात म्हणून मला लाज वाटत होती. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सुरतेतल्या उधन्याला मागाच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. तिथं मागांच्या खडखडाटात शेजारचा ओरडला तरी कळत नाही. आम्ही कारागीर ओठांवरून बोलणं ओळखतो, उरलेलं हातवाऱ्यांनी. माझ्याबरोबर गावाहून आलेल्यांनो, तुम्हाला हे ठाऊकच आहे. कान कधी गेले ते मात्र आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. कानाचं मशीन लावून पाहिलं, नुसता कल्लोळ. कपाटात पडलंय.

गावाकडच्यांनो, तुम्ही या ग्रुपवर हसता की हा डिंडोलीत बसून परदेशातले मुडदे बघतो. बघतो बुवा. नॉर्वे-स्वीडनकडच्या खुनाच्या मालिका मुलीनं मोबाईलवर लावून दिल्या, खाली हिंदी अक्षरं चालू केली. बाहेर सुरतचं ऊन, समोर बर्फ, गोठलेल्या तळ्याकाठी प्रेत आणि दहा-दहा मिनिटं तोंड न उघडणारी एक पोलीसबाई. तिथं कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर देत नाहीत, आणि त्याचा कुणाला रागही येत नाही. इथं मला उत्तराला उशीर झाला की बायको ताट आपटते.

शिवाय आवाजही लिहून येतात. दार करकरतं. लांब कुत्रा भुंकतो. एकदा 'पावसाचा आवाज' असं आलं, तर चित्र थांबवून मी तेवढंच वाचत बसलो. मुलगी समोर येऊन म्हणाली, "पप्पा, शुं थयुं?" मी म्हटलं, काही नाही. खुनी सापडतो की नाही, याचं मला काही पडलेलं नाही.

आईच्या बोलण्याखाली अक्षरं येत नाहीत. ती अंथरुणाला खिळल्यापासून वहिनी व्हिडिओ कॉल लावून देते. तोंड दिसलं तर ओठांवरून ओळखीन, पण आई सवयीनं फोन कानालाच लावते. मला कान दिसतो, पांढरे केस दिसतात. मी अंदाजानं हो आई, हो आई करतो. बहिरा झालो हे तिला सांगितलं नाही. मीच धाडला, म्हणून रडत बसली असती. म्हणून वहिनीलाही नाही सांगितलं.

गेल्या रविवारी आई पंधरा मिनिटं बोलली. नंतर वहिनीनं फोन घेतला. तिचे डोळे ओले होते. तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले, "भाऊजी, आता दिलेला शब्द पाळा."

मंगळवारी आईची वाचा गेली. गावाकडचं घर म्हणून मला आता पडद्यावरचा तो एक कान उरलाय. शनिवारी मी गावी पोचतोय. वहिनी, तिच्यासमोर उभा राहण्याआधी, मी कशाला हो म्हणालो तेवढं मला लिहून पाठवा.