मनगटावरचा हिरवा ठिपका

धसईच्या गिरजाकाकूसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. वाल्मिककाकाला छातीचा त्रास सुरू झाला, तेव्हापासून दर आठवड्याला त्याला शहापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे तीच ओढून नेई. बाई मनगटाच्या वर तीन बोटं, आतल्या बाजूला, सुई टोचत, तिला वायर लावून बारीक करंट सोडत. काकाची बोटं आपोआप उडत. "म्हातारा नाचाया लागला," काकू म्हणे आणि काका लाजे.

बाईंनी साफ सांगितलं होतं. यानं हृदयाला होणारी इजा कमी होत असावी, जनावरांवर तसं दिसलंय, माणसांचं अजून पक्कं नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत आणि कळ आली तर सरळ मोठा दवाखाना गाठायचा. काकूनं त्यातलं हवं तेवढंच उचललं. म्हसा गावच्या जत्रेत तिनं काकाला गोंदणारीपुढे बसवलं आणि सुईच्या जागी हिरवा ठिपका गोंदवून घेतला. कळ आली की तिथंच अंगठ्यानं दाबायचं, घाईत बोट चुकायला नको म्हणे. आळीभर हसलो आम्ही.

चैत्रात एका दुपारी, भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना काका छाती धरून बांधावर बसला, घामानं भिजला. माझ्या भावानं, हेमंतनं, जीप काढली. काकूनं ठिपक्यावर अंगठा रोवला. थोड्या वेळानं काका म्हणाला, "उतरली गो कळ."

"गाडी ऱ्हाऊ दे रे हेमंत," काकू म्हणाली. "माजा हात लागलाय." तिच्या तोंडावर इतका आनंद होता की आम्ही तिचं ऐकलं आणि हेमंतनं जीप बंद केली. मला अजून त्या आनंदाचाच राग येतो.

तिन्हीसांजेला काका ओटीवर कलंडला. जीपमध्ये मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत काकू ठिपका दाबून बसली होती. दुपारीच आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. ते मी काकूला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

घरी माणसांनी काकाला आंघोळ घातली, करदोटा तोडला. ठिपका तेवढा राहिला. काकू मला म्हणाली, "दवाखान्याच्या दारात माजा पदर अडकला, तवा अंगठा जरासा उचलला गेला गो. तवाच गेलं काय ते?"

मी नाही म्हटलं, परत परत म्हटलं. बाहेर तिरडी बांधून झाली होती. काकूनं माझं मनगट पकडलं, अंगठा टेकवला. "बग गो, असाच दाबला व्हता ना मी?"

जागा बरोबर होती.